पट्टा बदलला की, सर

राग आला की माझं डोकं थंड होतं, असं मी चारचौघांत सांगतो. बायको म्हणते, थंड नाही होत, बंद होतं. तीस वर्षं आयटीआयमध्ये पोरांना मोटार मेकॅनिकचं काम शिकवलं. एवढी वर्षं इंजिनांच्या घरघरीत आणि पोरांच्या गोंधळात काढलेल्या माणसाचा आवाज चढाच राहतो, त्याला लोक राग म्हणतात. असो. ज्या दिवसाबद्दल लिहितोय त्या दिवशी मात्र तो रागच होता, हे आधीच कबूल करून टाकतो.

निवृत्त झाल्यावर आम्ही नांदेडला घर केलं. मुलगी लातूरला दिलेली. त्यामुळं महिन्यातून एक-दोनदा नांदेड ते लातूर अशी आमची फेरी ठरलेली. गाडी छोटी, पेट्रोलची, तेरा वर्षांची. तिचं बॉनेट मी सहसा उघडत नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांवर ओणवं होऊन झालं, आता स्वतःच्या गाडीपुढं वाकायला कंबर तयार नाही. वाटेत लोह्याला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं गॅरेज आहे. गाडीचं काही असलं की त्याच्याकडं टाकायची आणि तो सांगेल त्या दिवशी न्यायची, असा शिरस्ता.

हा विद्यार्थी आता चाळिशी ओलांडलेला माणूस आहे. आईबाप दुसऱ्याच्या रानात रोजानं जायचे. हा रोज पहाटे एसटीनं यायचा आणि वर्गात पहिल्या बाकावर बसायचा. हुशार पोरं मी पुष्कळ पाहिली, पण हा ऐकायचा. सांगितलेला शब्द जसाच्या तसा डोक्यात ठेवायचा. त्या पावसाळ्यात एकदा त्याचा फोन आला. "सर, लातूरच्या त्या खासगी आयटीआयमध्ये तासिकेवर शिकवायला माणूस घेऊन राहिले. अर्ज टाकू का?"

मी म्हणालो, "गॅरेज बरं चाललंय की तुझं. हे कुठं मधेच?"

"गॅरेज चालू ठीवतो की सर. आठवड्यातले तीन दिवस जाईन. पण मला जे येतं ते फळ्यावर काढून कुणाला तरी दाखवावं, असं लई दिवसांपासून वाटून राहिलं."

टाक म्हणालो. त्या आयटीआयचे प्राचार्य पूर्वी माझ्या हाताखाली काम केलेले. त्यांच्याकडं चार अर्ज आले होते. मला फोन करून म्हणाले, "तुम्ही एकदा येऊन बसा सर, तुमच्या शब्दाबाहेर मी नाही." निवडलेलं नाव त्यांना दुपारपर्यंत संस्थेला कळवायचं होतं, म्हणून सकाळीच निघालो. विद्यार्थ्यालाही सांगून ठेवलं होतं, आज तुझं काम करून येतो. लेकीसाठी शेंगदाण्याच्या चटणीचा डबा मांडीवर घेऊन बायको शेजारी बसली होती.

सोनखेड मागं पडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन निघून गेलेलं, तूर तेवढी उभी. लोहा चार-पाच किलोमीटरवर राहिलं असताना गाडी बंद पडली. आवाज नाही, धूर नाही, झटका नाही. बोलता बोलता माणूस गप्प व्हावा तशी गप्प झाली.

कडेला घेतली. सेल्फ मारून पाहिला आणि मला तिथंच कळलं. धडधाकट इंजिनाला सेल्फ मारला की ते अडखळत, कण्हत फिरतं, कारण आत हवा दाबली जात असते आणि तो दाब फिरणाऱ्याला अडवत असतो. इथं नुसतं सुर्र, पंख्यासारखं. आत अडवणारं काही उरलंच नव्हतं. खाली उतरलो, बॉनेट उघडलं, ऑइल टाकायचं झाकण काढलं आणि मोबाइलची बत्ती त्या भोकात धरली.

"चावी फिरव," मी बायकोला म्हणालो.

"चालू होणार हाय का?"

"नाही. तरी फिरव."

तिनं फिरवली. खालचं इंजिन फिरत होतं आणि भोकातून दिसणारा वरचा दांडा जागचा हलत नव्हता. इंजिनात दोन दांडे असतात. खालचा फिरतो आणि वरच्याला फिरवतो. वरचा दांडा झडपा उघडतो आणि मिटतो, व्हॉल्व्ह म्हणतात ते. दोघांना जोडणारा एक दात्यांचा रबरी पट्टा इंजिनाच्या कडेला, टायमिंग कव्हरच्या आत असतो. तो गेला की वरच्याला खालच्याची खबर राहत नाही. म्हणजे कव्हरच्या आत पट्टा गेला होता. पाच मिनिटांत, एकही पाना न लावता निदान झालं होतं. त्या उन्हातसुद्धा माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

आणि मग आठवलं की हा पट्टा आपण जूनमध्येच बदलून घेतलाय.

विद्यार्थ्याला फोन लावला. गाडीचं काही सांगितलं नाही, एवढंच विचारलं, "जूनमध्ये पट्टा बदलला होतास ना?"

"हाव सर, बदलला की."

"नक्की?"

"म्हंजे? माझ्या हातानं बदलला."

मी फोन ठेवला. नवा पट्टा चार-पाच महिन्यांत जात नाही. वर्षानुवर्षं जात नाही. म्हणजे त्यानं तो बदललाच नव्हता, आणि मला, ज्यानं त्याला पाना धरायला शिकवला त्या माणसाला, फोनवर धडधडीत खोटं सांगत होता. गिऱ्हाइकाला टोपी घालणारे मेकॅनिक मला माहीत नाहीत असं नाही. पण हा त्यातला निघावा? रागापेक्षा जास्त अपमान वाटला. आपण घडवलेलं भांडं गळकं निघालं असं वाटलं.

लातूरला पोचणं आता शक्य नव्हतं, ते कळवायला प्राचार्यांना फोन केला. ते म्हणाले, "काही हरकत नाही, फोनवरच सांगा. तुमच्या लोह्याच्या माणसालाच घ्यायचं ना?"

मी म्हणालो, "नको. हात चांगला आहे त्याचा, पण माणूस खरं बोलत नाही. शिकवायला असा माणूस ठेवू नका."

"बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले.

बायको माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "काय?" ती म्हणाली, "काही न्हाई. ऊन लागायलंय."

अर्ध्या तासानं सोयाबीनची पोती घेऊन मोंढ्याकडं चाललेला एक ट्रॅक्टर थांबला. ट्रॅक्टरवाल्यानं काही न विचारता दोरखंड काढला आणि ट्रॉलीच्या मागं आमची गाडी बांधली. मी स्टिअरिंग धरून, बायको डबा धरून, अशी आमची वरात लोह्यात शिरली. गॅरेजसमोर ट्रॅक्टरवाल्यानं दोर सोडला, हात वर केला आणि निघून गेला.

विद्यार्थी हात पुसत पुढं आला. आधी बायकोला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग मला म्हणाला, "काय झालं सर? फोनवर सांगितलं असतं तर मीच आलो असतो की."

"तूच बघ काय झालं ते," मी म्हणालो. मला त्याची परीक्षाच घ्यायची होती. खोटं बोलणारा माणूस निदान काय करतो ते बघायचं होतं.

त्यानं सेल्फ मारला, कान दिला. ऑइलचं झाकण काढलं, मला सेल्फ मारायला लावून आत पाहिलं. मी केलं होतं तेच, त्याच क्रमानं. "टायमिंग गेलं सर," तो म्हणाला.

"आणि पट्टा कुणी बदलला होता?"

"मी."

डोळ्याची पापणीसुद्धा हलली नाही. निगरगट्ट, मी मनात म्हणालो.

इंजिन गरम होतं. थोडं निवू द्यावं लागतं. तेवढ्यात बायकोचं लक्ष कोपऱ्यात गेलं. तिथं लाकडी चौकटीवर एक भंगारातलं इंजिन ठेवलं होतं. ते एका बाजूनं कापून उघडं केलेलं, आणि आतल्या प्रत्येक भागाला वेगळा रंग दिलेला होता. पिवळा, लाल, निळा.

"हे काय रे?" तिनं विचारलं.

तो एकदम खुलला. "हे पोरांला दाखवायला केलं काकू. लातूरचं काम झालं तर संगं नेईन म्हणलं. या इकडं, असं हँडल फिरवा." त्यानं तिच्या हातात हँडल दिलं. तिनं फिरवलं तशी खालची पिवळी चाकं फिरली, वरची लाल फिरली आणि निळ्या झडपा एकेक करून उघडत मिटत गेल्या. "आता बगा, ही झडप उघडी असताना खालून हा पिस्टनचा दट्ट्या वर आला तर काय होईल?"

"आदळंल की."

"बराबर. म्हणून दोघांची येळ जमावी लागती. उखळात मुसळ पडतं ना काकू, तसं. मुसळ वर असतानाच हात घालायचा."

बायको मान हलवत म्हणाली, "आस्सं हाय व्हय." तीस वर्षं माझ्यासोबत काढून तिला जे कळलं नव्हतं ते त्यानं पाच मिनिटांत समजावलं. मला ते दिसत होतं. पण डोक्यात राग असला की दिसलेलंही आपल्या बाजूनं वळवता येतं. मी मनात म्हणालो, गोड बोलायला काय, सगळ्याच लबाडांना येतं.

मग त्यानं काम सुरू केलं. दहा नंबरचा पाना घेऊन वरच्या कव्हरचे बोल्ट काढले, काढलेल्या क्रमानं पत्र्यावर मांडले. कव्हर बाजूला झालं. मी पुढं वाकलो. आत पट्टा शाबूत होता. तुटलेला नाही, सुटलेला नाही, जागेवर नीट बसलेला.

क्षणभर मीही गडबडलो. तो मात्र गडबडला नाही. त्यानं अंगठ्यानं पट्टा दाबून पाहिला. मग खालच्या पुलीला पाना लावून इंजिन हातानं सावकाश फिरवलं. पुली फिरली, पट्टा तसाच थांबून राहिला.

"खालून दात गेले सर," तो म्हणाला.

मी म्हणालो, "पट्टा नवा आहे का तो?"

"न्हाई, कंपनीचाच हाय. तेरा वर्षं झाली."

हे तो इतक्या सरळ बोलला की माझा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. खोटं पकडलं गेल्यावर माणूस चाचरतो, सारवासारव करतो. हा तर कंपनीचाच आहे म्हणून मलाच सांगत होता. पुरावा पुरता हातात येऊ दे, म्हटलं. त्यानं चाक काढलं, खालची पुली काढली, खालचं कव्हर उघडलं. आत काळा चुरा पडलेला होता. खालच्या दांड्याच्या चाकापाशी तीन-चार बोटं लांबीत पट्ट्याचे दात साफ सोलून निघाले होते. उरलेल्या भागावर कंपनीचे पुसट झालेले पांढरे आकडे अजून वाचता येत होते. त्यानं पट्टा काढून माझ्या हातात दिला. पूर्ण निदान हे असं होतं. माझं निदान भोकापाशीच थांबलं होतं, पण ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

मी पट्टा त्याच्यासमोर धरला आणि माझा बांध फुटला. "वर तोंड करून सांगतोस, कंपनीचाच हाय म्हणून? मग जूनमध्ये काय बदललंस? माझं डोकं?"

गॅरेजमध्ये थांबलेल्या दोन गिऱ्हाइकांनी माना वळवल्या.

तो म्हणाला, "पट्टा बदलला की, सर."

"मग हे काय आहे माझ्या हातात?"

"हे टायमिंग हाय सर."

तो माझ्याकडं बघत होता, आणि काय घडलंय ते त्यालाही तेव्हाच उमगत असावं, कारण त्याचा आवाज हळू झाला. "तुम्ही फोनवर म्हणलात, पट्टा बदलून टाक, लातूरला सारखं जावं लागतं. बाहेरचा पट्टा किरकिर करूनच राहिला होता. तो बदलला. जुना तुमच्या डिकीत ठिवला, पेपरात गुंडाळून. उघडलं न्हाई का सर ते पुडकं?"

उघडलं नव्हतं. काढलेली जुनी वस्तू गिऱ्हाइकाच्या डिकीत ठेवायची त्याची पद्धत आहे, काय बदललं ते मालकाला डोळ्यांनी दिसावं म्हणून. मी ते पुडकं कचरा समजून स्टेपनीच्या मागं सारून दिलं होतं. त्यानं जाऊन ते आणलं. पेपर पिवळा पडला होता. आतून निघाला तो बाहेरचा साधा पट्टा, इंजिनाच्या बाहेरून डायनामो फिरवणारा, अरुंद, लांब रेघांचा, एकही आडवा दात नसलेला. त्यानं दोन्ही शेजारी शेजारी पत्र्यावर ठेवले.

"मी त्या टायमाला म्हणलोही होतो सर, टायमिंगबी एकदा बगावं लागंल."

म्हणाला होता. आठवलं मला. गाडी घ्यायला आलो तेव्हा म्हणाला होता, आणि मला वाटलं इंजिनाची वेळ जुळवायचं म्हणतोय. मी हसून म्हणालो होतो, "गाडी मस्त चालतीय, टायमिंगला काय धाड भरलीय?"

"वर्गात आतल्याला पट्टा म्हणलं की तुम्ही डस्टर फेकायचात," तो म्हणाला. हसला नाही. "बाहेरचा तो पट्टा, आतलं ते टायमिंग. एकाला दुसऱ्याचं नाव दिलं तर एक दिवस गाडी रस्त्यात उभी करताल, म्हणायचात. तव्हापासून मी कव्हाच म्हणलो न्हाई सर."

मीच म्हणायचो. आणि निवृत्तीनंतर नांदेडच्या आमच्या कॉलनीत सगळेच आतल्या-बाहेरच्या दोन्हीला पट्टा म्हणतात, त्यांच्यात बसून बसून माझीही जीभ सैल झाली. मी कॉलनीच्या भाषेत सांगितलं आणि त्यानं वर्गाच्या भाषेत ऐकलं. माझा शब्द त्यानं माझ्यापेक्षा जास्त जपला होता. मला लाज वाटली. त्या दोन गिऱ्हाइकांकडं बघवेना.

बायको खुर्चीतून उठली, माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "लातूरला फोन लावा."

मी बाहेर कडुलिंबाखाली गेलो. पहिला फोन उचलला गेला नाही. दुसरा उचलला. मी म्हणालो, "सकाळी मी चुकीचं सांगितलं. तो माणूस खरा आहे. त्यालाच घ्या."

प्राचार्य म्हणाले, "अहो सर, नाव तर गेलं. अहमदपूरच्या एकाचं दिलं. त्याला कळवूनही झालं, सोमवारी रुजू होतोय."

"काही करता येणार नाही?"

"आता कसं येईल? तुम्हीच तर म्हणालात. पुढच्या वर्षी बघू की."

पुढच्या वर्षी बघू हे शब्द आपल्याकडं कशासाठी वापरतात ते मला माहीत आहे, मीही पुष्कळांना ते ऐकवले आहेत.

आत आलो तेव्हा तो इंजिनावर वाकून एका प्लगच्या भोकात बत्ती धरून आत बघत होता. "व्हॉल्व्ह वाकले असतील सर, इंजिनाचं हेड उतरवावं लागंल. चार दिवस धरा," तो म्हणाला. मग हात पुसले आणि, मघापासून विचारायचं राहून गेल्यासारखं, विचारलं, "सर, लातूरचं काय झालं? आज तुम्ही जाणार होता ना?"

गाडी बंद पडली म्हणून जाता आलं नाही, एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. ते खोटंही नव्हतं. त्याला कधी कळलंही नसतं. बायको माझ्याकडं बघत नव्हती, मुद्दामच बघत नव्हती, डब्याचं झाकण उगाच दाबून बसवत होती.

मी सांगितलं. रस्त्यावरून फोन केला ते सांगितलं, आणि फोनवर कोणते शब्द वापरले तेही सांगितलं. खरं बोलत नाही, असं म्हणालो होतो, ते त्याच्या तोंडावर पुन्हा म्हणून दाखवलं. आत्ता पुन्हा फोन केला, पण नाव गेलंय, हेही सांगितलं. "माझं चुकलं. मला माफ कर," म्हणालो. इतक्या वर्षांत कुठल्या विद्यार्थ्याला मी हे म्हणालो नव्हतो.

त्यानं पत्र्यावरचे ते दोन पट्टे उचलले आणि पुन्हा शेजारी शेजारी नीट ठेवले. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. मग त्यानं शांतपणे, वर्गात शंका विचारायचा त्याच आवाजात विचारलं, "सर, तुम्ही फोन केला तव्हा कव्हर उघडलं होतं का?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला. त्याच्यापुढं सर आलं नाही.

मग बायकोकडं वळून म्हणाला, "काकू, लातूरची एसटी साडेतीनला हाय. चला, मी सोडतो तुम्हाला स्टँडवर."